पार कुणाचा, आराखडा कुणाचा

मी आर्किटेक्चर शिकले, पण कामाची बरीच वर्षं गेली मराठवाड्यातल्या गावांमधले पार, बाजारतळ, धुण्याचे घाट आणि स्मशानशेड आखण्यात. गावाला सोबत घेऊन आखायचं, हे म्हणायला सोपं आहे. ते करताना जे हाती लागलं, ते लिहिते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. ‘काय पाहिजे?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप आणि हल्ली ओपन जिम. शेजारच्या गावाला मिळालं ते आपल्यालाही हवं. यात गावाचं काही चुकत नाही. निधी कशाला मिळतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मी विचारते, ‘इथं सकाळी कोण येतं? भर दुपारी? सुगीत?’ मग समजतं की कागदावर ‘मोकळी’ असलेल्या जागेवर दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन वाळतं, पोळ्याला बैल उभे राहतात आणि संध्याकाळी कॉलेजातून परतणाऱ्या मुली तिथून मुद्दाम वळसा घालून जातात. एका बाजारतळाच्या तयार नकाशावर बोट ठेवून एका आजोबांनी विचारलं होतं, ‘ताई, यात्रेत पालखी वळायची कुठनं?’ नेमकं तिथं कारंजं काढलेलं होतं.

२. नकाशा जमिनीवर काढावा. कागद पसरला की सरपंच, ग्रामसेवक आणि एखादे गुरुजी बोलतात, बाकीचे माना डोलावतात. तोच ओटा चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात आखा. बाया त्यावर बसून बघतात, पोरं धावून बघतात आणि भांडण सुरू होतं. ते भांडण मोलाचं असतं. नदीकाठच्या घाटाची पायरी आम्ही विटा रचून दाखवली, तेव्हा एक बाई म्हणाली, ‘भिजलेली गोधडी खांद्यावर घेऊन चढून दाखवा की.’ पायरीची उंची तिथंच कमी झाली.

३. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाचा होकार, असं समजू नये. आपल्याकडे गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो; पुष्कळ ठिकाणी त्या सभेचं रजिस्टरच तेवढं घरोघर सहीला फिरतं.

आणि त्याहून मोठी अडचण हंगामाची. गावाचा विकास आराखडा करण्याची सरकारी मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे ज्या तांड्याला पाण्याची, सावलीची, मुलांच्या खेळण्याच्या जागेची सगळ्यात जास्त गरज, तो तांडा आराखड्याच्या वेळी कारखान्यावर, कोप्यांमध्ये. म्हणून माझा आग्रह असतो की बोलणं एप्रिल-मे मध्ये करावं आणि ठराव पुढं कधीही घ्यावा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात आणि सभेच्या आधी अभ्यासगट बसतो. ते जमायला वर्षं लागतात. पण बैठकीआधी बोलून घेण्याची सवय कुठल्याही गावाला लावता येते.

४. पार सगळ्यांचा असतो, हे आपलं शहरी स्वप्न. देवळापुढच्या पारावर गावातलं कोण कधीच बसत नाही, ते आधी पाहावं. प्रत्येक वस्तीला वेगळं समाजमंदिर दिलं की कुणाची तक्रार येत नाही, निधीही खर्ची पडतो आणि एकत्र बसायची जागा मात्र होतच नाही. मी आता अशी जागा शोधते, जिथं सगळ्यांचे पाय आपोआप वळतात: एसटीचा थांबा, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, शाळेचं फाटक. बाकडी तिथं टाकावीत.

५. किल्लारीकडची नवी गावं पाहून यावीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट आणि जमिनीच्या मालकीप्रमाणे घरं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. घरं भक्कम हवीच होती, जाड दगडमातीच्या भिंतींनी हजारो माणसं गिळली होती. पण जुन्या गावठाणातला बोळ, दारापुढचा ओटा, वळणावरची बायकांची बैठक कुठल्याच प्लॉटात बसली नाही. रस्ता ओलांडून शेजारणीशी बोलायचं तर हाक मारावी लागते. त्याच पुनर्वसनात, न हलवलेल्या गावांमध्ये घरमालकांनी स्वतः दुरुस्ती करून घेतली आणि माहिती पोचवायला गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. एकाच आपत्तीत, एकाच सरकारनं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. माझ्या मते दुसरी वाट सरस ठरली. संथ होती, तरीही.

६. देखभालीचं आधी ठरवा. कुलपाची किल्ली कुणाकडे, दिव्याचं बिल कोण भरणार, झाडाला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे ठरावात लिहून घ्यावं. उद्घाटनानंतर कुणाला वेळ नसतो.

तुमच्या गावात असं काही काम येऊ घातलं असेल, तर अंदाजपत्रकाची प्रत ग्रामसभेच्या आधीच मागून घ्या आणि ती चावडीवर लावायला सांगा.