मूल्यांकन सौद्यापेक्षा कमी आले, तर?

प्रश्न : न्यू जर्सीत एफएचए कर्जावर पहिलं घर घेतोय. सौदा ४ लाख डॉलरला ठरला, पण अप्रेझल ३ लाख ८५ हजारांचं आलं. शिवाय खिडक्यांचा निघालेला रंग दुरुस्त करायला सांगितलंय. इसार बुडेल का?

उत्तर : घाबरू नका. एफएचएच्या व्यवहारात ‘अमेंडेटरी क्लॉज’ असतं. मूल्यांकन सौद्यापेक्षा कमी आलं, तर तुम्ही माघार घेऊन इसार परत मागू शकता. करारासोबतचा तो कागद आजच शोधून ठेवा.

कर्ज मात्र कमी किमतीवरच मिळेल. साडेतीन टक्क्यांनी डाउन पेमेंटचे १३,४७५ डॉलर आणि वरचे १५,००० तुमच्या खिशातून. म्हणजे १४,००० च्या जागी २८,४७५. इतकी पुंजी यात ओतू नका, आधी विक्रेत्याकडून किंमत उतरवून घ्या. आसपासच्या ताज्या विक्रीचे पुरावे असतील, तर बँकेमार्फत फेरविचार मागता येतो. बँक बदलून काम होईल असं समजू नका. अप्रेझल एफएचएच्या केस नंबरला जोडलेलं असतं.

रंगाची अट किरकोळ वाटेल, पण १९७८ पूर्वीच्या घरांत रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि त्याचे पापुद्रे लहान मुलांना फार घातक. ती दुरुस्ती विक्रेत्याकडूनच करून घ्या.

आणि हो, अप्रेझल म्हणजे घराची तपासणी नव्हे. छत, पाइप, वायरिंगसाठी स्वतंत्र इन्स्पेक्टर नेमाच.