घरातील विजेचा बिघाड : ओळख आणि दुरुस्ती

पावसाळ्याच्या आरंभी खेड्यातील घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. नळाला किंवा पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. पुष्कळ कुटुंबे यावर चप्पल घालून नळ उघडण्याची सवय लावून घेतात. ही सवय घातक होय. झिणझिणी म्हणजे वीज आपली वाट सोडून धातूत उतरली असल्याची सूचना. ओल्या अंगाने तीच वस्तू धरल्यास प्राणावर बेतते. अशा वेळी मुख्य खटका बंद करावा व जाणकार येईपर्यंत तो बंदच ठेवावा. कपडे वाळविण्याची तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असल्यास तीही सोडावी, परंतु पुरवठा बंद झाल्यावरच.

इतर बिघाडांत, दोष कोठे आहे हे प्रथम ठरविणे अगत्याचे आहे. शेजारची घरेही अंधारात असतील तर दोष वाहिनीत वा रोहित्रात असतो. त्याची तक्रार १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर करावी. गावातील कोणाही हुशार तरुणास खांबावर चढवू नये. काही घरांत दिवे एकाएकी प्रखर झाले व काही घरांत मंद पडले, तर वाहिनीची न्यूट्रल तार सुटली असे समजावे. न्यूट्रल सुटल्यास २३० व्होल्टच्या जागी एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब चढू शकतो व पंखे, दूरदर्शन संच, फ्रीज क्षणात निकामी होतात. म्हणून कारण शोधत न बसता आधी मुख्य खटका बंद करावा.

केवळ आपल्याच घरी एम.सी.बी. पडत असेल तर सर्व प्लग काढून ती एकदा चढवावी. टिकली, तर एकेक उपकरण लावून पाहावे. ज्याच्या लावण्याने ती पडते तेच उपकरण सदोष. प्लग काढूनही पडत असेल तर दोष भिंतीतील तारेत आहे. ती पुन्हा पुन्हा चढविणे अथवा दोऱ्याने बांधून ठेवणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय.

फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची खोडही अशीच. ५ अँपिअरचा फ्यूज सुमारे ११५० वॅटचा भार सोसतो. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. फ्यूज वारंवार जळतो तेव्हा तो आपले काम चोख बजावीत असतो. जाड तार घातली की फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतील तार तापते.

भूयोजन, म्हणजेच अर्थिंग, याविषयी एक गैरसमज दूर व्हावयास पाहिजे. खड्डा केला म्हणजे घर सुरक्षित झाले, असे नव्हे. उन्हाळ्यात माती सुकली व खड्ड्याचा रोध २० ओहमपर्यंत गेला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून साडेअकरा अँपिअरच वीज वाहील. एवढ्याने १६ अँपिअरची एम.सी.बी. पडत नाही आणि मोटारीचे किंवा यंत्राचे कवच जिवंत राहते. यास्तव खड्ड्यात नियमाने पाणी घालावे व घरात ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी. ती अत्यल्प गळतीही ओळखते. तिच्यावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे.

या पुढील काम घरमालकाचे नव्हे. ते शासनाच्या अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. परवाना पाहण्यास मागण्यात संकोच बाळगू नये. त्यावरील मुदत अवश्य वाचावी. केवळ टेस्टर खिशात असणे ही पात्रता नव्हे. टेस्टरचा दिवा वीज असल्याचे दाखवितो, तारेचे आवरण शाबूत आहे की नाही हे दाखवीत नाही. त्यासाठी मेगर लागतो. ५०० व्होल्टवर घेतलेल्या चाचणीत आवरणाचा रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. ज्याच्यापाशी मेगर नाही, त्यास नव्या जोडणीचे काम देऊ नये.

काम ठरविताना साहित्याची यादी लेखी घ्यावी. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची व प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि सर्व साहित्यावर आय.एस.आय. चिन्ह, एवढे तरी त्यात असावे. स्वस्त साहित्याचा आग्रह पुष्कळदा घरमालकाचाच असतो, ठेकेदाराचा नव्हे. हेही येथे नमूद केले पाहिजे. ग्राम पातळीवरील कार्यकर्त्याने तालुक्यातील परवानाधारकांची यादी मिळवून पंचायतीच्या फलकावर लावावी. मजुरीची शेवटची रक्कम चाचणीचा लेखी अहवाल हाती आल्यावर द्यावी, आणि तो अहवाल मीटरच्या पेटीजवळ जपून ठेवावा.