पाणी कोमट, प्रोसेसर मात्र उकळतोय!

हीट ट्रान्सफरच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. तरी त्याच विषयाचा पहिला धडा हॉस्टेलच्या खोलीत, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा शिकावा लागला. त्याची ही गोष्ट.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी पैसे काढून पीसी जोडला. त्याला लिक्विड कूलर घेतला. यात पाणी आपण भरायचं नसतं. प्रोसेसरवर बसणारी तांब्याची प्लेट, तिच्यावर पंप, दोन नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर, असं सगळं जोडूनच येतं. सिम्युलेशन सुरू केलं आणि दोन मिनिटांत तापमान १०० अंश! जीव वाचवायला प्रोसेसरने वेग कमी केला. काम सरकेचना, आणि सबमिशन तीन दिवसांवर. मी तावातावाने दुकानात फोन लावला, "काका, पीस खराब दिलात."

काका शांतपणे म्हणाले, "प्लेटखालचं प्लास्टिक काढलंस ना?"

"काढलं की!" म्हणत मी फोन ठेवला. मग शोध सुरू झाला.

१) पंप : बायोसमध्ये पंपाचे आरपीएम दिसतात. शून्य दिसले तर आधी वायर तपासा. आमचा पंप पूर्ण वेगाने फिरत होता.

२) हवा : रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. नाहीतर आतली हवा पंपात अडकते आणि गुळगुळ आवाज येतो. आमच्याकडे आवाज नव्हता.

३) नळ्या : हात लावून पाहिलं, जेमतेम कोमट. रेडिएटर कमी पडत असता तर पाणी चांगलंच तापलं असतं. इथे प्रोसेसर १०० वर आणि पाणी कोमट! म्हणजे उष्णता वाटेत अडतेय. कुठे? प्लेट आणि प्रोसेसर यांच्यामध्ये.

पीसी बंद करून, वायर काढून, प्लेट हलकेच फिरवत उचलली. खाली पारदर्शक फिल्म तशीच चिकटलेली! चौघेही गप्प.

आता गणित बघा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, प्लास्टिकची ०.२ वॉट प्रति मीटर केल्व्हिन. फिल्म ०.०५ मिलिमीटर जाड धरली, तरी तिचा अडथळा १० सेंटीमीटर जाड तांब्याइतका! १० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाला दर १०० वॉटमागे २५ अंशांचा फरक. आमचा प्रोसेसर २०० वॉटच्या आसपास जाणारा, म्हणजे ५० अंश नुसत्या फिल्मवर खर्च. अडथळे एकापुढे एक असले की त्यांची बेरीज होते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं!

फिल्म काढली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. चारही स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे फिरवले. तापमान ७२ वर थांबलं. सिम्युलेशन वेळेत झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काकांची माफी मागितली. ते हसले, "रोज एक तरी येतो."

तात्पर्य काय, तर "केलंय की" म्हणण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा. आणि बिघाड शोधताना उष्णतेच्या वाटेनेच जा, ती कुठे अडलीय ते तीच सांगते.