हिमलोट आणि त्याची भावंडे

खळ्यात ज्वारीची रास घालताना एक गंमत दिसते. रास काही वेळ उंच होत जाते. मग मात्र वर ओंजळभर दाणे टाकताच ते कडेने घसरू लागतात. रास पसरते, पण तिचा उतार अधिक उभा होत नाही. पृथ्वी प्रत्येक दाण्याला खाली ओढीत असते आणि शेजारच्या दाण्यांची पकड त्याला धरून ठेवते. ही पकड सुटली की दाणे धावू लागतात.

डोंगरावरील हिमाचेही असेच आहे. हिवाळ्यात त्याचे थरांवर थर साचतात. मधला एखादा थर ठिसूळ निघाला, तर वरचा सारा पापुद्रा फरशीसारखा तुटून सुटतो. हाच हिमलोट. कोरड्या, भुसभुशीत हिमाचा लोट प्रसंगी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावतो!

दरड, चिखलाचा लोंढा, ज्वालामुखीतून उतरणारा तप्त राखेचा लोट, ही सारी हिमलोटाची भावंडेच होत. ओढणारी शक्ती एकच. मात्र कणांच्या मधल्या फटींत काय भरले आहे, यावर प्रत्येकाचा स्वभाव ठरतो. कोरड्या हिमलोटात तेथे हवा असते. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला, तेव्हा मुसळधार पावसाचे पाणी मातीत मुरले होते. मार्टिनिक बेटावरील सेंट पिअर हे शहर १९०२ साली काही मिनिटांत नष्ट झाले, ते तप्त वायू आणि राख यांच्या लोटाने.

कधी एकाच लोटाचे रूप वाटेत पालटते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात तसे घडले. आकाश निरभ्र होते; पुराची शंका कोणाला येणार? रोंटी शिखराच्या उत्तर कड्यावरून खडक आणि बर्फ यांचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरांचा तुकडा सुटला व जवळजवळ १,८०० मीटर खाली आदळला. त्यात पाच भागांपैकी चार भाग खडक होता आणि एक भाग बर्फ. खडकाचा चुरा झाला, घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळले, वाटेतील ओला गाळही त्यात मिसळला. वरून निघालेला कोरडा लोट खाली पोहोचेपर्यंत चिखलाचा महापूर झाला होता. ऋषिगंगा आणि धौलीगंगा या नद्यांवरील वीजप्रकल्पांवर तो कोसळला. तपोवनच्या बोगद्यात मजूर अडकले. दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली वा बेपत्ता झाली.

एखादे हिमसरोवर फुटले असावे, असा प्रथम अनेकांचा तर्क होता. परंतु उपग्रहांच्या छायाचित्रांत तसे सरोवर कोठेच आढळले नाही. दिसला तो उंच कड्यावरचा ताजा, काळा व्रण.