पुनाची पपई

पपईचे झाड कोणाच्या परिचयाचे नाही? परसात न्हाणीचे सांडपाणी जेथे मुरते, तेथे ते बहुधा आपोआप उगवते, वर्षाच्या आतबाहेर फळांनी लगडते आणि काही वर्षांनी एखाद्या वादळी पावसात मोडून पडते. खरे पाहता त्याला वृक्ष म्हणणे हे आपले सौजन्यच होय. कारण त्याच्या पोकळ खोडात लाकूड असे नसतेच. मूळचे हे झाड अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. सोळाव्या शतकात दर्यावर्दी लोकांबरोबर ते भारतात आले आणि येथे इतके रुळले की, ते परदेशचे आहे असे सांगितल्यास आजीला खरे वाटावयाचे नाही.

या झाडाला एक शत्रू आहे. तो इतका सूक्ष्म आहे की, शाळेतील सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो म्हणजे एक विषाणू. त्याची बाधा झाली की, पाने पिवळी पडू लागतात, आकसतात आणि पुढेपुढे तर सुतळीसारखी अरुंद होतात. देठांवर तेलकट रेघा उमटतात. फळ धरलेच, तर त्याच्या सालीवर कोणी लहान बांगडीचा ठसा उमटवावा, तशी वर्तुळे दिसतात. या वर्तुळांवरूनच त्या रोगास ‘रिंगस्पॉट’ असे नाव पडले. रोगी झाड बरे करणारे औषध नाही. मावा नावाची बारीक कीड या झाडावरचा विषाणू त्या झाडावर नेते. तुम्ही म्हणाल, मग मावाच मारून टाकावा. परंतु मावा पपईवर बिऱ्हाड करीत नाही. उडत येतो, पानाला सोंड टोचून चव पाहतो आणि न आवडल्यास पुढे जातो. त्या एका टोचणीत विषाणू पानात शिरलेला असतो. फवारणीने मावा मरेल. पण तो आपले काम आधीच करून गेलेला असतो.

आता आपण फार दूर, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जाऊ. ही बेटे ज्वालामुखींतून निर्माण झाली असून आज ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे एक राज्य आहेत. तेथे १९११ साली ‘सोलो’ नावाच्या लहान पपईचे बी आणले गेले. एका माणसाने एका बैठकीत संपवावी एवढीच ती असते, म्हणून तिचे नाव सोलो, म्हणजे एकटी. तिच्या बागा प्रथम ओआहू बेटावर होत्या. १९४० नंतरच्या दशकात तेथे रिंगस्पॉट शिरला आणि बागा एकामागून एक उजाड होत गेल्या. तेव्हा बागायतदारांनी बेटच बदलले. शेजारच्या मोठ्या हवाई बेटाच्या पूर्व टोकास ‘पुना’ नावाचा प्रदेश आहे. नाव ऐकून आपणांस पुण्याची आठवण होईल. परंतु तेथे मुळामुठा नाहीत, आहे तो थिजलेल्या लाव्हारसाचा काळा खडक. तो फोडून त्यांनी पपई लावली. पाऊस मुबलक आणि रोगाचा मागमूस नाही! काही वर्षांतच हवाईतील बहुतेक सर्व पपई पुना पिकवू लागला.

शत्रू मात्र मागोमाग आला. १९७१ साली तो पुनाहून सुमारे तीस किलोमीटरवरील हिलो शहराच्या आसपास दिसला. सरकारी माणसे परसापरसांत हिंडून रोगी झाडे तोडीत आणि पुनाची वाट रोखून धरीत. वाट किती दिवस रोखता येणार?

हा प्रश्न डॉ. डेनिस गोन्साल्विस यांस पडला होता. हवाईतच, उसाच्या मळ्यावर, ते लहानाचे मोठे झाले आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ झाले. पुनाच्या बागा त्या वेळी निरोगी होत्या. त्यामुळे तेथील माणसांस घाई नव्हती. आग लागल्यावर विहीर खणावयास घेऊ नये, ही म्हण त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही; पण त्यांनी विहीर आधी खणावयास घेतली, हे खरे.

पहिला प्रयत्न देवीच्या लसीसारखा होता. विषाणूचा एक दुबळा प्रकार तयार करून तो रोपांना आधीच टोचावयाचा, म्हणजे सबळ विषाणूस आत जागा मिळत नाही. युक्ती चांगली होती. पण दुबळ्या विषाणूनेही झाडे थोडीफार आजारी पडत, आणि प्रत्येक रोप टोचत बसणे हे काम किती कष्टाचे! बागायतदारांस ते पटले नाही.

त्याच सुमारास, १९८६ साली, तंबाखूच्या झाडावर केलेल्या एका प्रयोगाची वार्ता प्रसिद्ध झाली. ती समजण्यासाठी विषाणूची रचना थोडी पाहू. विषाणू म्हणजे सूचनांचा एक अतिसूक्ष्म धागा आणि त्याभोवती प्रथिनाचे कवच. ‘हे कवच असे विणा’ ही सूचनाही त्याच धाग्यात असते. सजीवांच्या शरीरातील अशा एकेका सूचनेस जनुक म्हणतात. तंबाखूवरील विषाणूच्या कवचाचे जनुक शास्त्रज्ञांनी तंबाखूच्याच पेशीत कायमचे बसविले, आणि नवल असे की, त्या झाडास तो रोग सहसा होईना. गोन्साल्विस व त्यांचे सहकारी पपईच्या बाबतीत याच मार्गाने निघाले. मागील प्रयत्नातला दुबळा विषाणू वाया गेला नव्हता. कवचाचे जनुक त्यांनी त्याच्यातूनच घेतले.

असे का घडते, याचा उलगडा पुढे झाला. प्रारंभी वाटले की, कवचाचे प्रथिनच रक्षण करीत असावे. परंतु वनस्पतीच्या पेशीत परक्या सूचनेचे तुकडे करून टाकण्याची एक व्यवस्था मुळातच असते, असे आढळून आले. गावच्या चावडीवर चोराचे चित्र लावून ठेवावे आणि तोच चोर वेशीत शिरताच लोकांनी त्यास ओळखून धरावे, तसा हा प्रकार आहे. झाडात बसविलेले जनुक हे ते चित्र. खरा विषाणू तीच ओळखीची सूचना घेऊन येतो आणि त्याचे तुकडे होतात.

पण जनुक पेशीत पोहोचवावयाचे कसे? येथे कॉर्नेलमधीलच जॉन सॅनफर्ड यांनी सहकाऱ्यांसह बनविलेली एक बंदूक उपयोगी पडली. टंगस्टन धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुक चढवावयाचे आणि ते कण वेगाने पेशींवर सोडावयाचे! वर्गात सांगितले की मुले हसतात. परंतु ही खरी गोष्ट आहे. हवाईमध्ये मॉरीन फिच व रिचर्ड मॅनशार्ट यांनी पपईचे कोवळे भ्रूण काचेच्या बशीत वाढविले होते, त्यांवर हा मारा करण्यात आला. बहुसंख्य पेशींत जनुक टिकलेच नाही. ज्या थोड्यांत टिकले त्यांची रोपे केली, आणि १९९१ साली त्यांतील एका रोपाच्या वंशावळीस विषाणू टोचूनही रोग होत नाही, असे दिसले. १९९२ च्या एप्रिल महिन्यात ती रोपे ओआहू बेटावर उघड्या शेतात लावली.

पुढच्याच महिन्यात, मे १९९२ मध्ये, पुनात रिंगस्पॉट सापडला.

त्यानंतरची वर्षे तेथील शेतकऱ्यांस फार कठीण गेली. रोगी झाड दिसले की तोडावयाचे, असा क्रम दोन वर्षे चालला. शेवटी तोही सोडून द्यावा लागला. १९९२ साली पुनाचे उत्पादन सुमारे २ कोटी ४० लक्ष किलो होते. १९९८ साली ते निम्म्यावर आले. कित्येकांनी शेती सोडली. १९९५ साली पुनातच नव्या पपईची मोठी चाचणी घेण्यात आली. विमानातून काढलेल्या छायाचित्रात भोवतालची पिवळी, खुरटलेली झाडे आणि मधोमध हिरवा गर्द चौकोन स्पष्ट दिसतो. तीन सरकारी खात्यांची तपासणी पुरी झाल्यावर १ मे १९९८ रोजी बागायतदारांस ‘रेनबो’ या नव्या वाणाचे बी विनामूल्य वाटण्यात आले. बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

येथे गोष्ट संपली असती, तर सांगण्यास सोपी झाली असती. पण एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालावे काय, ते अन्न खाणे निर्धोक आहे काय, याविषयी अनेकांच्या मनात शंका होती. जपान हा हवाईच्या पपईचा मोठा गिऱ्हाईक. त्याने हे फळ २०११ च्या डिसेंबरपर्यंत घेतले नाही. सेंद्रिय शेती करणाऱ्यांस भीती वाटे की, वाऱ्याने व किड्यांनी येणाऱ्या परागांमुळे आपल्या फळांच्या बियांतही ते जनुक शिरेल. आणि ती भीती निराधार नव्हती. खाण्याच्या शंकेस शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, रोगी पपईत हेच कवचाचे प्रथिन कितीतरी अधिक असते आणि लोक ती वर्षानुवर्षे खातच आले आहेत. मला हे उत्तर सयुक्तिक वाटते. मात्र विरोध करणारे सारेच अडाणी होते, असे समजणे योग्य नाही. २०१० साली मात्र कोणी अज्ञात माणसांनी रात्रीच्या वेळी पुनातील पपईची हजारो झाडे तोडून टाकली. प्रश्न विचारणे निराळे आणि शेतकऱ्याचे उभे पीक कापणे निराळे.

आपल्या खानदेशात, विशेषतः नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांत, पपईच्या मोठ्या बागा आहेत, आणि हा रोग तेथेही आहे. मग रेनबोचे बी आणून येथे का लावू नये, असा प्रश्न तुम्ही विचाराल. जनुक-परिवर्तित फळझाडे लावण्यास भारतात परवानगी नाही, हे एक कारण. दुसरे कारण त्या चावडीवरील चित्रातच आहे. ते चित्र हवाईच्या विषाणूचे. इतर देशांतील विषाणू त्याच कुळातले असले, तरी त्यांचे तोंडवळे थोडे निराळे असतात, आणि रेनबो त्यांना हटकून ओळखत नाही. ज्या प्रदेशाचा विषाणू, त्या प्रदेशाचेच जनुक घेऊन काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. तूर्त आपले शेतकरी रोपे बारीक जाळीच्या आत वाढवितात, बागेच्या कडेने मका लावतात आणि रोगी झाड दिसताच उपटून टाकतात.

यापुढे बाजारात गेलात, म्हणजे पपईची साल जरा निरखून पाहा. तीवर बारीक वर्तुळे उमटलेली दिसली, तर भिण्याचे कारण नाही. ते फळ खाण्यास अपायकारक नसते, फक्त त्याची गोडी थोडी उणी असते.