मोडीचे अध्यापन आणि परस्परसंवादी फलक

बालबोध अक्षर आकृतीवरून ओळखता येते. मोडी अक्षर पुष्कळदा लेखणीच्या गतीवरून ओळखावे लागते. मोडी लिहिणारा प्रथम पानभर आडवी शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलीत, अक्षरे जोडीत जाई. बालबोधात वरून खाली येणारा काना येथे अक्षराच्या अखेरच्या वळणातून खालून वर चढतो. छापील कित्त्यात हे वळण गोठलेले असते. जाणता अध्यापक फळ्यावर ते लिहून दाखवी, परंतु लिहून होताच त्याची गती नाहीशी होई.

परस्परसंवादी फलकाच्या ॲपचा मोडीच्या वर्गात खरा उपयोग येथे आहे. ‘एक्सप्लेन एव्हरीथिंग’सारख्या ॲपमध्ये हाताने काढलेली रेषा, ती काढतानाच्या हालचालीसह आणि अध्यापकाच्या आवाजासह, जतन करता येते व पुन्हा पाहता येते. मोडीला २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले, ही मोठीच सोय झाली. पण संकेतांक अक्षर कोणते ते सांगतो, हात कसा फिरला ते सांगत नाही. दोन्ही साधनांची कामे निराळी आहेत.

याहून महत्त्वाचा प्रश्न पदच्छेदाचा. मोडी लेखनात शब्द सामान्यतः तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच रूपात येतात. ‘मजलाभली’ ही अक्षरे ‘मज लाभली’ अशीही वाचता येतात आणि ‘मजला भली’ अशीही. मराठीभाषक वाचक पुष्कळदा कानाने निर्णय करतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीची मोडी कागदपत्रे आहेत. तमिळ मातृभाषा असलेल्या अभ्यासकाला ती वाचताना या कानाचा आधार नसतो. त्याला निर्णयाची कारणे उघड मांडलेली हवीत. फलकावर कागदाचे छायाचित्र ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या रंगाच्या उभ्या रेषांनी शब्द तोडावेत आणि मगच चर्चा व्हावी. तसे झाल्यास एकाच ओळीची तीन वाचने शेजारी शेजारी दिसतात, आणि वाद आकृतीचा आहे की अर्थाचा, हे लगेच कळते.

अर्थात, अध्यापकाने तयार लिप्यंतर पडद्यावर झळकावले आणि वर्गाने ते वहीत उतरविले, तर फलक आणि फळा यांत किमतीखेरीज फरक उरत नाही. असे वर्ग थोडे नाहीत. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. चुकलेली रेषा एका स्पर्शाने मागे घेता येते, त्यामुळे फसलेले वाचन पुरावा न ठेवता नाहीसे होते. वस्तुतः ‘मजला भली’ का सोडावे लागले, हे शिकण्यासाठी ते वाचन समोर राहिले पाहिजे.

जतनाचा विचारही टाळता येत नाही. गूगलचे ‘जॅमबोर्ड’ ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाले, आणि त्यावरील फलक पीडीएफ रूपात ठेवण्याची व्यवस्था झाली. पीडीएफमध्ये आकृती टिकते; रेषा हलविण्याची, वेगळी करण्याची सोय उरत नाही. मोडीच्या वर्गाने म्हणूनच प्रत्येक पाठाचे चलचित्र स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे, आणि त्यावर मूळ कागदाचा रुमाल क्रमांक, वाचनाची तारीख व सोडून दिलेली वाचने यांची नोंद करावी.