एक डोळा झाकून बघा

खिडकीचे गज सरळच होते. डावा डोळा झाकला की मात्र मधले दोन-तीन गज आत वळल्यासारखे दिसायचे, आणि पेपर वाचताना नेमक्या नजर ठेवलेल्या शब्दावर राखाडी डाग यायचा. घरचे म्हणाले, वय झालं, मोतीबिंदू असेल. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढवून दिला. नव्या चष्म्यातूनही गज वाकडेच.

मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं, पण सरळ रेघ वाकत नाही. रेघ वाकली तर दुखणं बहुधा डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, तेही त्याच्या मध्यभागाचं, मॅक्युलाचं असतं. हा भाग जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटरचा, पण वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं त्याच्याच जिवावर. कडेची नजर शाबूत राहते, त्यामुळे माणूस घरभर फिरतो, जिना उतरतो. दुखत तर काहीच नाही. त्यात चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला एकेक डोळा झाकून बघायला कुणी सांगत का नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

त्यासाठी आम्सलरचा तक्ता असतो. मार्क आम्सलर हे स्विस नेत्रतज्ज्ञ. त्यांच्या नावाचा हा दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत बारीक चौकडी आणि मधोमध ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, कागद वीतभरापेक्षा थोडा लांब धरायचा, एक डोळा झाकायचा आणि नजर ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. रेघा वाकल्या, तुटल्या, एखादा चौकोन दिसेनासा झाला, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच आठवड्यात रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या, डॉक्टरांना गाठा. तक्ता नसेल तर न्हाणीघरातल्या टाइल्सच्या फटी बघा.

माझ्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली (त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये, काही तास उजेड सहन होत नाही) आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचा थरवार स्कॅन, काढला. पडद्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते, आणि मधे, पाणी धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा, एक फुगवटा. वयामुळे होणाऱ्या झिजेचा हा ओला प्रकार. पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच लोक पळतात, म्हणून नीट सांगते. आधी बधिर करणारे थेंब, मग जंतुनाशक, ते चुरचुरतं. पापण्यांना चिमटा लावतात. सुई बुबुळात नव्हे, बाजूच्या पांढऱ्या भागात जाते. दाब जाणवतो, क्षणात संपतं. पुढे कधीही डोळा ठणकू लागला, लाल होऊन नजर कमी झाली, तर त्याच दिवशी परत जायचं, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो.

सुरुवातीला साधारण महिन्याला एक, अशी तीन देतात, मग ओसीटी बघून अंतर वाढवतात. इथेच बरेच जण थांबतात. दिसायला लागलं, खर्चही होतो, मग कशाला? पण पाझर परत सुरू होतो आणि त्यानंतर पडद्यावर पडलेला वण पुसता येत नाही. पैशाची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. या इंजेक्शनातल्या रॅनिबिझुमॅब या औषधाचा भारतीय पर्याय 2015 पासून मिळतो, आणि मूळ कर्करोगासाठीचं बेवासिझुमॅबही पुष्कळ ठिकाणी वापरतात.

सगळेच मॅक्युलाचे आजार म्हातारपणाचे नसतात. मधुमेहात तिथे सूज येऊ शकते, म्हणून नजर उत्तम असली तरी दरवर्षी पडदा तपासायचा. तरण्या पुरुषांत पाणी साचतं, ते पुष्कळदा आपोआप ओसरतं. मात्र दम्याचा पंप, मलम, गोळ्या, ज्यात स्टेरॉइड असेल ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण स्टेरॉइडनेही हे पाणी साचू शकतं. मॅक्युलाला छिद्र पडलं तर सहसा शस्त्रक्रिया लागते.

माझा हा झिजेचा आजार घराण्यात चालतो, म्हणून मी भावंडांनाही तपासायला लावलं. बहिणीला कोरडा प्रकार निघाला, मध्यम टप्प्यावर. त्याला माझी इंजेक्शनं लागू नाहीत, पण ल्युटिन, झियाझँथिन, जस्त आणि क, ई जीवनसत्त्वांच्या ठरावीक मात्रेच्या गोळ्यांनी तो पुढे सरकण्याचा धोका कमी होतो. भावाचे डोळे अजून स्वच्छ आहेत, त्याला गोळ्यांचा उपयोग नाही. त्याने सिगारेट सोडायची आहे. ओढणाऱ्यांनी, किंवा पूर्वी ओढलेल्यांनी, अशा गोळ्या घेताना डबीवरची यादी वाचावी आणि बीटा-कॅरोटिन असेल तर ती डबी परत करावी, कारण त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.